शर्यतीआधीचा फेरा

अमेरिकेतल्या ग्रेहाउंड शर्यतींच्या नियमपुस्तकांत एक कलम हमखास असायचं. कुत्र्याला पॅडॉकमधून, म्हणजे शर्यतीआधी कुत्री ठेवायच्या जागेतून, ट्रॅकवर नेणाऱ्या माणसाने वाटेत प्रेक्षकांशी बोलायचं नाही, बरोबर चालणाऱ्या दुसऱ्याशीही बोलायचं नाही. पैज लावायची नाही. कुठल्याही कुत्र्यात त्याचा वाटा नको. कपडे स्वच्छ, वागणं नीट. या माणसाला लीडआउट म्हणत.

मी मूळचा मिरजेचा. भावाने ग्रीन कार्डावर बोलावून घेतलं आणि फ्लोरिडात संध्याकाळचं काम म्हणून एका ट्रॅकवर मी लीडआउट झालो. पुढे पॅडॉक जजच्या हाताखाली नव्या पोरांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं, ते ट्रॅक बंद होईपर्यंत राहिलं. पोरं बहुतेक शाळा-कॉलेजातली, गाडीच्या पेट्रोलपुरते पैसे कमवायला आलेली. हे कलम वाचून दाखवलं की हसायची. कुत्रं चालवत न्यायचं, त्यात तोंड शिवून घेण्यासारखं काय? मग मी त्यांना जुन्या गोष्टी सांगायला बसायचो. कुठला नियम कुठल्या लबाडीतून आला हे कळलं की तो पोरांच्या डोक्यात राहतो. नुसता पाठ केलेला आठवड्यात उडून जातो.

ग्रेहाउंड वासावर नाही, नजरेवर शिकार करतो. आमच्याकडची कारवानी कुत्री तशीच. जत-मुधोळ पट्ट्यातल्या माणसाला ती सांगायला नकोत. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी ती पंचम जॉर्जला नजर केली होती. समोर काही पळताना दिसलं की अशा कुत्र्याला दुसरं काही सुचत नाही. माणसाने त्यावर खेळ उभारला तोही फार जुना. अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहास लिहिणाऱ्या अ‍ॅरियनने शिकारी कुत्र्यांवरही एक पुस्तक लिहिलं आहे, आणि एका सशावर दोनपेक्षा जास्त कुत्री सोडू नयेत असं त्यात बजावलं आहे. इंग्लंडात याच खेळाला कोर्सिंग म्हणत. मोकळ्या रानात ससा उठायचा, त्याच्यामागे दोन कुत्री सुटायची, एकाच्या गळ्यात लाल पट्टी, दुसऱ्याच्या पांढरी. घोड्यावर बसलेला पंच गुण द्यायचा. पण पोरांना मी पंचाचं फारसं सांगत नसे, सांगायचो ते स्लिपरचं. दोन्ही कुत्री एकाच दुहेरी पट्ट्यात धरून उभा राहणारा हा माणूस. सशाला पुरेसा पल्ला मिळाला की एकाच हिसक्यात दोघांना सोडायचं, हे त्याचं काम. मालकांनी आपापली कुत्री त्याच्या हातात द्यायची आणि मागे सरायचं. तो कोणाच्याच बाजूचा नसायचा. त्याने अर्धा क्षण डावंउजवं केलं तर डाव फिरणार, म्हणून स्लिपर निवडताना लोक फार काटेकोर असत. लिव्हरपूलजवळच्या वॉटरलू कपला १८३६ पासून २००५ पर्यंत अशी माणसं लागली. लीडआउटचा पूर्वज शोधायचा तर तो हाच.

ओवेन पॅट्रिक स्मिथ साउथ डकोटातल्या कोर्सिंगमधला माणूस. सशांची कत्तल त्याला पाहवेना असं सांगतात. बरीच वर्षं खटपट करून त्याने रुळावरून यंत्राने पळणारा खोटा ससा बनवला आणि १९१९ साली कॅलिफोर्नियात एमरीव्हिल इथे गोल ट्रॅक उभारला. ससा वाचला, पण रानही गेलं. आता कुत्री कुंपणात आली, दोनाची आठ झाली, आणि दिवसभर चालणारा खेळ तीस-एकतीस सेकंदांवर आला. मियामीजवळ हायलिया इथे १९२२ साली ट्रॅक झाला. सेंट पीटर्सबर्गचा डर्बी लेन ३ जानेवारी १९२५ ला सुरू झाला. त्याला लाकूड पुरवणाऱ्या वीव्हर नावाच्या व्यापाऱ्याचे पैसे थकले म्हणून ट्रॅकच त्याच्या गळ्यात पडला, आणि घराण्याने तो पुढे जवळजवळ शंभर वर्षं सांभाळला. थकबाकीतून एवढा टिकाऊ धंदा मी दुसरा पाहिलेला नाही.

खरी कलाटणी १९३१ ची. गव्हर्नर डॉयल कार्लटनने नाकारलेला कायदा विधिमंडळाने त्याच्या डोक्यावरून मंजूर केला आणि फ्लोरिडात टोटची पैज कायदेशीर झाली. या पद्धतीत सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात, ट्रॅक आणि सरकार आपापला हिस्सा कापून घेतात, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. म्हणजे माणूस ट्रॅकविरुद्ध खेळत नाही, शेजारच्या माणसाविरुद्ध खेळतो. कोण जिंकतं याच्याशी ट्रॅकला देणंघेणं नसतं. त्याला लागतो फक्त विश्वास. तो एकदा उडाला की गल्ला रिकामा, गल्ला रिकामा की सरकारचा कर बुडाला. म्हणून सरकारी माणसं आली, जज आले, नियमपुस्तकं आली. शर्यतीआधी कुत्र्यांना लोकांसमोरून फिरवणं तोवर शोभेचं होतं, आता तो पुरावा झाला. कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं कुत्रं ते हेच, एवढं सिद्ध करायला तो फेरा.

लबाडीचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे अदलाबदल. मंद कुत्र्याच्या नावावर त्याच रंगाचं वेगवान कुत्रं उतरवायचं. घोड्यावर निदान स्वार ओळखीचा असतो, इथे कुत्र्याच्या तोंडाला मुसकं आणि अंगावर झूल. म्हणून प्रत्येक कुत्र्याचं बर्टिलॉन कार्ड असे. पॅरिसच्या पोलिसांतल्या अल्फाँस बर्टिलॉनने एकोणिसाव्या शतकात गुन्हेगारांची अंगं मोजून ओळख पटवायची पद्धत काढली होती. आपल्याकडच्या पोलिसांनीही ती वापरली आणि मग बंगालमधून आलेल्या बोटांच्या ठशांनी तिला हटवलं. माणसांच्या पोलिसांनी टाकून दिलेली ती पद्धत कुत्र्यांच्या दुनियेत शंभर वर्षं टिकली. अंगावरचे ठिपके, जखमांचे व्रण, प्रत्येक बोटाच्या नखाचा रंग, सगळं त्या कार्डावर. शिवाय दोन्ही कानांत गोंदण. डाव्या कानात विणीचा क्रमांक, तो सगळ्या भावंडांचा एकच. उजव्या कानात जन्माचा महिना, सालाचा शेवटचा आकडा आणि नोंदणीतलं अक्षर. ‘८७डी’ म्हणजे ऑगस्टचा जन्म, साताने संपणारं साल, भावंडांत चौथा. पोरांना मी आधी एवढंच शिकवायचो. कान उलटा, अंगठा ओला करून पुसा, प्रकाशाकडे धरा, मोठ्याने वाचा. काळ्या कुत्र्याच्या कानातलं हिरवं गोंदण वाचणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. ज्याला ते साधेना त्याला मी केर काढायला लावत असे. पगार तोच मिळायचा, पण तोंड पडायचं.

दुसरी लबाडी पोटातून. शर्यतीआधी कुत्र्याला भरपेट खाऊ घातलं की ते जड पडतं, मग पुढच्या वेळी उपाशी ठेवून त्यावर पैसे लावायचे. म्हणून प्रत्येक कुत्र्याचं वजन ठरलेलं. वजनात दीड पौंडापेक्षा जास्त फरक दिसला की नाव खोडलं. वजन झालं की कुत्रं लॉकआउट केनेलमध्ये, त्याला जिनी पिटही म्हणत. तिथून पुढे ट्रेनरला त्याला हात लावायची बंदी. आता ते आमच्या ताब्यात. काही कुत्री तिथे बसल्या बसल्या धापा टाकून, थरथरून वजन गमवायची. त्यांची वेगळी नोंद असे, नाहीतर शर्यतीच्या तोंडावरच्या दुसऱ्या वजनाला ती खोटी ठरली असती. शर्यतीच्या ताणाने कुत्रं झडतं हे मला तिथे काट्यावर दिसलं.

मग चिठ्ठ्या. कोणता लीडआउट कोणत्या क्रमांकाचं कुत्रं नेणार हे प्रत्येक शर्यतीआधी चिठ्ठी टाकून ठरायचं आणि वहीत लिहिलं जायचं. आवडतं कुत्रं मागायची सोय नाही. चोरट्याला कोणाला फितवावं हेच आधी कळू नये म्हणून ही काळजी.

फेऱ्याचं शिक्षण असं. मुसक्याच्या पट्ट्यातून दोन बोटं जायला हवीत, तीन नकोत. झूल पोटाखाली वळू द्यायची नाही. १ लाल, २ निळी, ३ पांढरी, ४ हिरवी, ५ काळी, ६ पिवळी, आणि ७-८ पट्ट्यांच्या; झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. कुत्रं प्रेक्षकांच्या बाजूला, तुम्ही आतल्या बाजूला. तोंडात च्युइंगम नाही, खिशात खाऊ नाही, वाटेत कुरवाळणं नाही. वरातीतल्या घोडेवाल्याकडे जसं कोणी पाहत नाही, तसं तुमच्याकडे कोणी पाहता कामा नये. जजच्या मनोऱ्यासमोर ओळीत उभं राहायचं, वळायचं, मग शर्यत जिथून सुटते त्या पेटीकडे. पेटीत मागच्या दाराने, पुठ्ठ्यावर हात टेकवून सरळ आत. शेपटीला धरायचं नाही. काही कुत्री पेटी पाहून चार पाय फाकवून उभी राहतात. तिथे ताकद लावणारा पोरगा हरतो. दारं लागली की आठही जणांनी आपल्या जागी धूम ठोकायची, कारण ससा निघालेला असतो.

कठड्याला टेकलेले म्हातारे त्या दोन मिनिटांत काय पाहतात हे मला कळायला वेळ लागला. कान, चाल, मागच्या मांड्या पाहत होतेच. पण बहुतेकांचा डोळा असे कोणतं कुत्रं वाटेत हगतं यावर. हगलं की हलकं झालं, हलकं झालं की पळणार, आणि मंडळी पैजेच्या खिडकीकडे पळत. आमच्या पॅडॉक जजने त्याचा कधी हिशेब मांडला नाही. मांडला असता तर लोकांचा विरस झाला असता, असं तो म्हणायचा.

फेऱ्याला थिल्लरपणाचेही दिवस आले. १९३० च्या दशकात कुत्र्यांच्या पाठीवर जॉकीचे कपडे घातलेली माकडं बांधून पळवत आणि लोक त्यालाही तिकीट काढत. इंग्लंडातही असे ट्रॅक झाले. मँचेस्टरच्या बेल व्हूला २४ जुलै १९२६ रोजी शर्यतींचा पहिला दिवस झाला, सतराशे लोक आले, पहिली शर्यत मिस्टली नावाच्या कुत्र्याने जिंकली. वर्षभरात लंडनची मोठी मैदानं कुत्र्यांनी भरली. तिथे सहाच कुत्री पळतात, आणि फेऱ्याला ट्रेनरची केनेलमधली माणसंही चालतात. आमच्या जजला हे अजिबात पटत नसे. मला त्याचं बरोबर वाटतं. ज्याच्या पगाराचा कुत्र्याशी संबंध, त्याच्या हातात दोरी देऊ नये.

आमच्या पट्ट्याचे सुगीचे दिवस मी थोडे पाहिले. १९८६ साली डर्बी लेनला कीफर नावाच्या कुत्र्यासाठी एका रात्री बारा हजारांवर माणूस लोटला होता. मग १९८८ पासून राज्याची लॉटरी, पाठोपाठ कॅसिनो, आणि गॅलरीत रिकाम्या ओळी. फेरा मात्र तसाच काटेकोर चालू होता. रिकाम्या बाकांसमोरही पोरं ताठ चालायची.

पण एवढा चोख फेरा बघून झाल्यावर लोकांनी पुढचा प्रश्न विचारायला सुरुवात केली. दोन मिनिटं दिसणारं कुत्रं उरलेला दिवस कुठे असतं? उत्तर होतं, पिंजऱ्यात, बाहेर काढायच्या चार-पाच खेपा सोडल्या तर दिवसभर. २००२ साली अलाबामातल्या एका शेतात ट्रॅकवरून निवृत्त झालेल्या हजारो ग्रेहाउंडांचे अवशेष सापडले. २०१३ पासून फ्लोरिडात शर्यतीच्या कुत्र्याचा मृत्यू सरकारला कळवावा लागू लागला आणि त्या याद्या वर्तमानपत्रांत आल्या. २०१७ साली जॅक्सनव्हिलकडच्या बारा कुत्र्यांच्या लघवीत कोकेन सापडलं. आमची सगळी चिठ्ठ्या-वह्यांची काळजी पैज लावणाऱ्याच्या पैशासाठी होती. कुत्र्यासाठी त्यातलं थोडंच होतं, तेही जाताजाता झालेलं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्लोरिडाच्या राज्यघटनेतली १३ क्रमांकाची दुरुस्ती मतदानाला आली. ६९ टक्के मतदारांनी शर्यती बंद करा म्हटलं, त्यांत मी होतो. पॅडॉकमधल्या काही जुन्या सोबत्यांनी ते मनात ठेवलं आणि त्यांचा राग मला कळतो. त्यांची घरं त्यावर चालत होती. ३१ डिसेंबर २०२० ही मुदत. डर्बी लेनने चार दिवस आधीच शेवटची शर्यत घेतली, पाम बीचच्या ट्रॅकने मध्यरात्रीच्या तोंडाशी. आता अमेरिकेत लीडआउट लागतात ते वेस्ट व्हर्जिनियातल्या दोन ट्रॅकवर.

कुत्री घरी न्यायला लोकांची रीघ लागली, आणि मला अचानक नवे विद्यार्थी मिळाले. ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा जाड असते, साधा पट्टा पुढून निसटतो, तेव्हा ओढलं की आवळणारा पट्टा घ्या. त्याने जिना पाहिलेला नसतो, एकेक पाय हाताने पायरीवर ठेवा. काच कळत नाही, दारावर कागद चिकटवा. मांजर असेल तर मुसकं काढायची घाई नको. आमच्या मराठी मंडळातल्या एका जोडप्याने पाच वर्षांची कुत्री नेली. मुलाकडे राहायला आलेल्या आजी दाराआडून विचारत होत्या, हिला रोज पळवायला कोण नेणार? म्हटलं, आजी, पळायचं नाव काढू नका, ही दिवसातले सोळा तास तुमच्या सोफ्यावर झोपणार आहे. त्या म्हणाल्या, मग सोफा दुसरा घ्यावा लागेल.