एका पानाची वाटणी

सोलापूरच्या सात रस्त्यावरच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात बसून कोणी भरतीचा अर्ज ऑनलाइन भरतो, तेव्हा तो अर्ज ज्या संगणकावर पोचतो तो बहुतेक वेळा बोट दाखवावे असा नसतोच. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या सप्टेंबरात पुण्यात आणि मुंबईत आपली क्लाउड केंद्रे उघडली, ॲमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत आले, गूगल २०१७ मध्ये. या केंद्रांत एकेका लोखंडी यंत्रावर अनेक आभासी यंत्रे नांदतात, आणि प्रत्येकाला वाटते की प्रोसेसर, डिस्क, सीरियल पोर्ट सगळे आपल्या एकट्याचे आहे. हा आभास उभा करायला दोन कामगार लागतात. हायपरव्हायझर खऱ्या प्रोसेसरचा वेळ वाटून देतो आणि पाहुण्या यंत्राने, म्हणजे गेस्टने, मर्यादा ओलांडली की त्याला थांबवतो. एम्युलेटर उपकरणांचे सोंग घेतो: गेस्टने डिस्कला काही विचारले तर डिस्कच्या वतीने उत्तर देतो. उत्तर देण्यासाठी त्याला थांबलेल्या आभासी प्रोसेसरची स्थिती कळावी लागते, कुठल्या रजिस्टरमध्ये काय आहे आणि कोणती आज्ञा अर्धवट राहिली आहे ते. उत्तर तयार झाले की ते त्याच रजिस्टरांत ठेवावे लागते. ही स्थिती दोघांत कशी वाटून घ्यायची, याला साठ वर्षांचा इतिहास आहे. तो बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी नक्कल करत, मग मेमरीचे एक पान दोघांना सामायिक दिले आणि काम झपाट्याने होऊ लागले. माझ्या मते ही मांडणी उलटी आहे. सामायिक पानावर काय लिहायचे हे प्रत्येक वेळी कामाच्या वाटणीने ठरवले. वेग बहुधा मागाहून आला.

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या आयबीएमच्या वैज्ञानिक केंद्रात रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० ही प्रणाली उभी केली, ती १९६७ च्या जानेवारीत वापरात आली. तिच्यात प्रत्येक आभासी यंत्राची रजिस्टरे सांभाळणारा आणि कार्ड रीडरचे, प्रिंटरचे सोंग वठवणारा प्रोग्रॅम एकच होता. एकाच्याच वहीत सगळी नोंद, मग वाटणी कोणाशी करायची? १९७२ मध्ये जाहीर झालेल्या व्हीएम/३७० मध्येही घडण तीच राहिली. फट पडली ती पुढे, ऐंशीच्या दशकात, आणि तीही सॉफ्टवेअर व हार्डवेअर यांच्यामध्ये. आयबीएमने एसआयई नावाची आज्ञा आणली. हायपरव्हायझरने मेमरीत एक ठरावीक तक्ता भरायचा, ही आज्ञा द्यायची, आणि हार्डवेअरने त्या तक्त्यावरून गेस्ट चालवायचा. या तक्त्यात सोळा सामान्य रजिस्टरांपैकी फक्त चौदावे आणि पंधरावे ठेवले होते, उरलेली हायपरव्हायझरने स्वतः भरायची. सगळी स्थिती एका जागी ठेवणे दिसायला नीटनेटके झाले असते. पण अभियंत्यांनी हार्डवेअरच्या वाट्याला जे काम दिले, त्याला लागेल तेवढेच तक्त्यात घातले.

पीसीवर हायपरव्हायझर आणि एम्युलेटर यांची वाटणी सुरुवातीलाच झाली. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये वर्कस्टेशन बाजारात आणले ते विंडोज किंवा लिनक्सच्या अंगावर बसणारे म्हणून. प्रोसेसर सांभाळणारा भाग वेगळ्या जगात, उपकरणांचे सोंग घेणारा साध्या प्रोग्रॅमसारखा या जगात. एका जगातून दुसऱ्यात जायचे तर प्रोसेसरची सारी स्थिती बदलावी लागे. २००१ मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात नेटवर्क कार्डच्या एम्युलेशनचा हिशेब मांडला आहे. त्यांनी शोधलेले उपाय बोलके आहेत. अदलाबदल जलद करण्याआधी त्यांनी अदलाबदल टाळली: कार्डाच्या ज्या पोर्टांवरच्या हालचालींना खऱ्या उपकरणाची गरज नव्हती, त्या प्रोसेसर सांभाळणाऱ्या भागातच उरकल्या, आणि पाठवायची पाकिटे साठवून एकदम पुढे ढकलली. म्हणजे त्यांनी हात लावला तो कामाच्या वाटणीला.

इंटेलने २००५ च्या अखेरीस आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासी यंत्रांची सोय केली, आणि ऑक्टोबर २००६ मध्ये क्युमरानेट या कंपनीतल्या आवी किवीटी यांनी लिनक्ससाठी केव्हीएम हे हायपरव्हायझरचे काम करणारे सॉफ्टवेअर जाहीर केले. फेब्रुवारी २००७ मध्ये ते २.६.२० या आवृत्तीतून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, दाखल झाले. एम्युलेटर म्हणून त्यांनी फाब्रिस बेलार यांचे २००३ पासूनचे क्यूईएमयू घेतले. पहिल्या रूपात कर्नल आणि क्यूईएमयू एका रचनेची नक्कल इकडून तिकडे देत. काही आठवड्यांतच ती पद्धत मोडून मेमरीचे एक पान दोघांना सामायिक केले गेले. त्या बदलाची कारणे दोन दिली होती: फुकटची नक्कल वाचते, आणि पानावर भरपूर मोकळी जागा असल्यामुळे पुढे नव्या गोष्टी घालता येतात. वेगाचा इतिहास सांगणारे पहिले कारण धरून बसतात. पण आकडे पाहा. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरची सोळा सामान्य रजिस्टरे आठ-आठ बाइटची, म्हणजे सगळी मिळून १२८ बाइट. गेस्टमधून बाहेर यायलाच त्या काळच्या इंटेल प्रोसेसरांवर हजारो चक्रे जात. त्यापुढे १२८ बाइटची नक्कल किरकोळ होती. शिवाय त्या पानावर सामान्य रजिस्टरे नव्हतीच! गेस्ट का थांबला, कोणत्या पोर्टवर, किती बाइट, वाचायचे की लिहायचे आणि मजकूर कुठे आहे, मुख्यतः एवढेच होते.

रजिस्टरे का नव्हती याचे उत्तर आज्ञेचा अर्थ कोण लावतो यात आहे. गेस्टने पोर्टवर काही लिहिले तर प्रोसेसरच सांगतो की अमुक पोर्ट, अमुक लांबी. पण गेस्टने मेमरीसारख्या दिसणाऱ्या उपकरणाच्या पत्त्यावर लिहिले, तर कोणीतरी ती आज्ञा वाचून, तिचे तुकडे करून, कोणत्या रजिस्टरातला मजकूर कुठे जायचा होता ते शोधायला हवे. इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरांवर केव्हीएमने हे किचकट काम कर्नलमध्ये स्वतःकडे ठेवले. क्यूईएमयूच्या हाती शेवटी फक्त पत्ता आणि मजकूर येतो, मग त्याला रजिस्टरांशी काय देणेघेणे? आयबीएमच्या मेनफ्रेमवरच्या केव्हीएममध्ये मात्र थांबलेली आज्ञाच क्यूईएमयूकडे सोपवली जाते आणि तिच्यातले पत्ते रजिस्टरांवरून काढणे त्याच्याच गळ्यात पडते. म्हणून पानावर रजिस्टरे ठेवण्याची सोय २०१२ मध्ये आधी मेनफ्रेमसाठी आली. जगभरच्या सर्व्हरांत ज्यांचे राज्य आहे त्या इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांसाठी ती यायला २०१८ उजाडले. वेगाची भूक हेच कारण असते तर हा क्रम उलटा असता.

याला एक खरा आक्षेप आहे, आणि तो मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीकडून येतो. तिथे हायपरव्हायझर लिनक्सच्या किंवा विंडोजच्याही खाली असतो. एम्युलेटरला एक रजिस्टर वाचायचे तर आधी कर्नल, मग त्याखालचा हायपरव्हायझर, असे दोन उंबरठे ओलांडून जायचे आणि तसेच परत यायचे. म्हणून हायपर-व्हीने प्रत्येक आभासी प्रोसेसरमागे रजिस्टरांचे एक पान एम्युलेटरला दाखवायची सोय केली. त्यावर सामान्य रजिस्टरे असतात, पुढच्या आज्ञेचा पत्ता असतो, आणि एम्युलेटरने कोणते गट बदलले ते सांगणाऱ्या खुणाही. २०२५ मध्ये ६.१५ या आवृत्तीत लिनक्सला हायपर-व्हीवर यंत्रे चालवण्याचा जो ड्रायव्हर मिळाला, त्यात हे पान आहे. इथे वेगाचा फायदा निर्विवाद आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण हे पान हवे का झाले? हायपर-व्हीने आज्ञेचा अर्थ लावण्याचे काम एम्युलेटरच्या वाट्याला दिले म्हणून. वाटणी आधी झाली. उंबरठे दोन असल्यामुळे ती महाग पडली, आणि पानाने तो खर्च भरून काढला.

सामायिक पानाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे पाळी. दोघे लिहू शकतील असे पान देऊन भागत नाही, आत्ता लिहिण्याचा हक्क कोणाचा हे दोघांनाही एकसारखे ठाऊक असले पाहिजे. रेल्वेने हे फार आधी ओळखले होते. १८७४ मध्ये इंग्लंडमधल्या थॉर्प इथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या, त्यानंतर १८७८ मध्ये एडवर्ड टायरने असे जोडयंत्र काढले की दोन स्टेशनांपैकी एकातून टोकन निघाले की दुसऱ्यातून निघूच नये. आपल्याकडच्या एकेरी मार्गांवरचा नील्स बॉल टोकनचा पोलादी गोळा त्याच कुळातला. आणि सोलापूरकरांना एकेरी मार्गाचा जाच सांगायला नको, दौंड-सोलापूर-कलबुर्गी मार्गाचे दुहेरीकरण पुरे व्हायला २०२२ साल लागले. झेन या हायपरव्हायझरचे पान याच घाटाचे आहे. २००५ च्या अखेरीस आलेल्या झेन ३.० मध्ये प्रत्येक आभासी प्रोसेसरला सामायिक पानावर एक खण मिळाला, आणि त्या खणात पत्ता व मजकुराशेजारी एक छोटा रकाना: रिकामे, विनंती तयार, काम चालू, उत्तर तयार. या चार अवस्थांपैकी जी असेल तिच्यावरून खणाचा धनी ठरतो. केव्हीएममध्ये असा रकाना दिसत नाही, पण नियम तितकाच कडक आहे. एम्युलेटरने उत्तर पानावर लिहिले म्हणजे आज्ञा पुरी झाली असे नाही. तो पुन्हा कर्नलमध्ये शिरेपर्यंत गेस्टची स्थिती अर्धवट असते, आणि त्या क्षणी यंत्र दुसऱ्या सर्व्हरवर हलवायला घेतले तर ते उत्तर हरवते.

मग दोघांना एकत्र करून ही कटकटच मिटवावी, सीपी-४० सारखी एकच वही ठेवावी, असे म्हणता येईल. काही प्रमाणात तसे झालेही आहे. सतत लागणारा इंटरप्ट कंट्रोलर केव्हीएमने कर्नलमध्येच घेतला. पण सगळेच आत घेणे का परवडत नाही हे मे २०१५ मध्ये उघड झाले. व्हेनम नावाने गाजलेली चूक क्यूईएमयूच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या सोंगात २००४ पासून दडून होती. ज्या जमान्यात फ्लॉपी कोणी डोळ्यांनीही पाहिलेली नाही, त्या जमान्यातल्या सर्व्हरांत शिरायची वाट तिनेच दाखवली. एम्युलेटर म्हणजे अशा शेकडो जुन्या उपकरणांचा पसारा. तो बाहेरच ठेवलेला बरा, कारण तिथे चूक झाली तरी हल्लेखोराच्या हाती लागतो एक बंदिस्त प्रोग्रॅम. कर्नलमध्ये झाली असती तर सगळे यंत्रच. बाहेर ठेवला की वाटणी आली, आणि वाटणीबरोबर अविश्वासही. केव्हीएमच्या पानावरच्या रजिस्टरांत २०२३ मध्ये नेमकी हीच उणीव दुरुस्त करावी लागली: कर्नल पानावरचा मजकूर आधी तपासत होता आणि मग वापरत होता, आणि त्या दोन क्षणांमध्ये एम्युलेटरचा दुसरा धागा तो बदलू शकत होता. उपाय जुनाच, आधी स्वतःकडे नक्कल घ्यायची आणि तीच तपासून वापरायची. ज्या नकलेला फुकटची म्हणून हाकलले, ती सुरक्षेसाठी मागच्या दाराने परत आली, आणि तिच्या थोड्याशा खर्चाबद्दल कुरकूर करण्याजोगे काही नव्हते.

आता व्हर्टिओसारखी, आभासी यंत्रांसाठीच घडवलेली उपकरणे आली, खरी नेटवर्क कार्डे थेट गेस्टच्या हाती देता येतात, मग एम्युलेटरने रजिस्टरे वाचण्याचा प्रश्न उरतो कुठे? पाकिटांच्या रोजच्या रहदारीपुरता तो खरेच उरत नाही. पण यंत्र सुरू होताना फर्मवेअर जुन्याच उपकरणांशी बोलते, आणि चालते यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायचे तर आभासी प्रोसेसरची पूर्ण स्थिती कोणालातरी बाहेर काढावी लागतेच.

वाटणीचे ताजे वळण एएमडीचे आहे. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या एसईव्ही-ईएस या सोयीत गेस्टची रजिस्टरे तो थांबताक्षणी कूटबद्ध होतात. हायपरव्हायझरला ती वाचता येत नाहीत, मग एम्युलेटरची काय कथा. अशा वेळी उपकरणाला हात लावणाऱ्या आज्ञेवर प्रोसेसर गेस्टलाच सावध करतो, गेस्टचा कर्नल स्वतःची आज्ञा स्वतःच उलगडतो, आणि उघड्या ठेवलेल्या एका सामायिक पानावर त्या कामापुरती रजिस्टरे उतरवून कोणती भरली त्याच्या खुणा करतो. आज्ञेचा अर्थ लावण्याचे काम आधी हायपरव्हायझरकडे होते, कुठे कुठे ते एम्युलेटरकडे गेले, आणि इथे ते गेस्टकडे आले. त्याबरोबर पानावर काय लिहायचे हे ठरवण्याचा हक्कही गेस्टकडे आला. पोर्टवर एक बाइट लिहायचा असेल तर आज गेस्ट त्या पानावर एकच रजिस्टर भरतो.