फणसाच्या लाकडातला उजेड

चारकोपच्या बाजारात फणस फोडलेला दिसला की आम्हांला त्या झाडाचे पिवळे लाकूड आठवते. त्याचा रंग तुरटीने कापडावर पक्का बसतो, हे रंगारी पूर्वापार जाणून होते. ही किमया तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमची.

१८६७ साली गोपेल्सरोडर यांना दिसले की मोरिन हे पिवळे रंगद्रव्य अ‍ॅल्युमिनियमशी बांधले गेले की हिरवे चमकते. एकटे मोरिन शोषलेली ऊर्जा बहुतांशी उष्णतेत दवडते. धातूच्या बंधनात ते ताठ होते आणि तीच ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. १८९५ साली पर्किन आणि कोप यांना हेच मोरिन फणसाच्या लाकडात सापडले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वेंकटरामन यांनी त्या लाकडातली आणखी रंगद्रव्ये शोधली. १९८५ साली त्सिएन यांच्या फ्युरा-२ ने जिवंत पेशीतले कॅल्शियम मोजता येऊ लागले. पवईच्या आयआयटीत सी. पी. राव यांनी धातू ओळखणारे कॅलिक्सअरीनचे रेणू घडवले.

या इतिहासात रंगाऱ्याचे नाव नाही. पण मोरिन आणि अ‍ॅल्युमिनियम यांची गाठ गोपेल्सरोडरच्या कितीतरी आधी त्याच्या हंड्यात पडली होती. तो रंग पाहत होता. उजेडाला नाव देणे तेवढे राहिले, असे आम्हांला वाटते.