इंडस क्रीड

इंडस क्रीड हा मुंबईत १९८४ साली स्थापन झालेला भारतीय रॉक संगीतसमूह आहे. १९९३ पर्यंत तो 'रॉक मशीन' या नावाने ओळखला जात असे. इंग्लिश भाषेत स्वतः रचलेली रॉक गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या भारतातील आरंभीच्या समूहांत त्याची गणना होते. १९९७ मध्ये विसर्जित झालेला हा समूह २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला. मधल्या तेरा वर्षांत त्याचे जाहीर कार्यक्रम बंद असूनही त्याच्या जुन्या गाण्यांचा श्रोतृवर्ग टिकून राहिला.

पार्श्वभूमी

भारतातील मोठ्या शहरांत १९६० च्या दशकापासून पाश्चात्त्य धर्तीचे वाद्यसमूह होते. १९७० च्या सुमारास झालेल्या 'सिमला बीट' स्पर्धेमुळे अशा समूहांना व्यासपीठ मिळाले. तथापि, बहुतेक समूह परदेशी कलावंतांची गाजलेली गाणीच सादर करीत. परदेशी ध्वनिमुद्रिका महाग व दुर्मीळ होत्या. त्यामुळे मूळ गाणे किती हुबेहूब वाजवले जाते, यावरून वादकांचे कौशल्य जोखले जाई. स्वतःची गाणी ऐकवणाऱ्या समूहाला महाविद्यालयीन श्रोत्यांकडून प्रतिसाद मिळेल, याची खात्री नसे. रॉक मशीननेही प्रारंभी इतरांची गाणी वाजवली, परंतु पुढे हा प्रघात मोडला.

इतिहास

रॉक मशीन (१९८४–१९९३)

गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व जयेश गांधी, बास गिटारवादक मार्क सेल्विन आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया हे या काळातील प्रमुख सदस्य होत. ड्रमवादक म्हणून आधी मार्क मेनेझिस आणि नंतर बॉबी दुग्गल यांनी साथ केली. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा पहिला अल्बम प्रकाशित झाला. त्यातील 'टॉप ऑफ द रॉक' हे गाणे समूहाची ओळख बनले. १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हा दुसरा अल्बम आला.

नामांतर आणि विसर्जन (१९९३–१९९७)

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्यांद्वारे एमटीव्ही भारतात पोहोचली आणि गाण्यांच्या चित्रफितींना महत्त्व आले. १९९३ मध्ये समूहाने इंडस क्रीड हे नाव धारण केले. सिंधू नदीचा निर्देश करणारे हे नाव समूहाचे भारतीयत्व अधोरेखित करणारे होते. याच नावाने गाजलेल्या 'प्रीटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियातील प्रेक्षकपसंतीचा मान मिळाला. १९९५ मध्ये 'इंडस क्रीड' याच शीर्षकाचा अल्बम प्रकाशित झाला. 'ट्रॅप्ड' हे त्यातील एक प्रसिद्ध गाणे होय. १९९७ मध्ये समूह विसर्जित झाला. त्यानंतर बेनेगल व गांधी यांनी न्यू यॉर्कमध्ये 'आम्स फॉर शांती' हा समूह स्थापन केला.

पुनरागमन (२०१० पासून)

२०१० मध्ये बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बास गिटारवादक रुशाद मिस्त्री व ड्रमवादक जय रो कवी हे तरुण वादक त्यांना येऊन मिळाले. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा नवा अल्बम प्रकाशित झाला. त्याचे ध्वनिमिश्रण टिम पामर यांनी केले. अमेरिकेतील पर्ल जॅम या समूहाच्या पहिल्या अल्बमचे ध्वनिमिश्रणही त्यांचेच होते.

श्रोत्यांची आत्मीयता

रॉक मशीनच्या गाण्यांविषयी श्रोत्यांना वाटणाऱ्या जिव्हाळ्याचे मूळ त्या काळातील ऐकण्याच्या पद्धतीत आढळते. १९८० च्या दशकात रॉक संगीत प्रामुख्याने प्रत्यक्ष कार्यक्रमांतून अनुभवले जाई. मुंबईत धोबी तलाव परिसरातील रंगभवन हे खुले नाट्यगृह, भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचा 'मूड इंडिगो' आणि १९८६ पासून भरणारा 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव ही त्याची प्रमुख ठिकाणे होती. श्रोते बहुतांशी विद्यार्थी असत. त्यांच्या दृष्टीने ही गाणी महाविद्यालयीन वर्षांशी जोडली गेली.

दुसरे माध्यम कॅसेटचे होते. एक कॅसेट मित्रमंडळींत फिरे, तिच्यावरून कोऱ्या कॅसेटवर प्रती काढल्या जात आणि गाणी वसतिगृहांपर्यंत पोहोचत. त्यामुळे अशा समूहांचा श्रोतृवर्ग केवळ विक्रीच्या आकड्यांवरून मोजता येत नाही.

तिसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण गाण्यांच्या मालकीचे आहे. परदेशी समूहांची गाणी कितीही प्रिय असली, तरी त्यांचे कर्ते दूरस्थ होते. रॉक मशीनची गाणी याच शहरात राहणाऱ्या तरुणांनी रचलेली होती आणि ती त्यांच्याच तोंडून ऐकता येत होती. नक्कल उत्तम साधली म्हणून दिलेली दाद ही मूळ गाण्याला जाते. येथे ती दाद स्थानिक रचनेला मिळाली.

मर्यादा

हा श्रोतृवर्ग निष्ठावान असला, तरी मर्यादित होता. इंग्लिश गीते आणि विद्युत वाद्यांचा खर्चिक सरंजाम यांमुळे ही चळवळ मुख्यतः महानगरांतील इंग्लिश जाणणाऱ्या वर्गात राहिली. विदर्भ वा मराठवाड्यातील लहान गावांत रॉकचे कार्यक्रम क्वचितच होत आणि चित्रपटसंगीताचे वर्चस्व सर्वत्र होते. पुढे 'इंडियन ओशन' आणि 'युफोरिया' या दिल्लीच्या समूहांनी भारतीय भाषांतून गाऊन अधिक व्यापक श्रोते मिळवले.

जुन्या गाण्यांवरील प्रेमाला दुसरीही बाजू असते. दीर्घ खंडानंतर परतणाऱ्या समूहाकडून श्रोते परिचित गाण्यांची अपेक्षा करतात, तर कलावंतांना नवनिर्मिती करावयाची असते. 'इव्हॉल्व्ह' म्हणजे 'उत्क्रांत होणे'. या शीर्षकातून आणि अल्बममधील अधिक गुंतागुंतीच्या वाद्यरचनांतून समूहाने केवळ स्मरणरंजनावर विसंबण्याचे नाकारले.

वारसा

रॉक मशीनच्या काळातील मुंबईच्या संगीतजीवनाच्या अनेक खुणा पुसल्या गेल्या आहेत. ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनुसार रुग्णालये, न्यायालये व शैक्षणिक संस्थांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ लागल्यावर रंगभवनातील मैफली थांबल्या. काळा घोडा येथील 'रिदम हाउस' हे प्रसिद्ध दुकान २०१६ मध्ये बंद झाले. जेथे ही गाणी ऐकली वा विकत घेतली गेली, ती ठिकाणे नाहीशी होत असताना गाणी मात्र श्रोत्यांच्या स्मरणात राहिली. स्वतःच्या गाण्यांवर भारतीय रॉक समूह उभा राहू शकतो, हे या समूहाने दाखवून दिले. त्यानंतरच्या पिढीतील समूहांना मूळ रचना सादर करणे त्यामुळे अधिक सुकर झाले.

अल्बम

रॉक मशीन या नावाने
• रॉक अँड रोल रेनेगेड (१९८८)
• द सेकंड कमिंग (१९९०)

इंडस क्रीड या नावाने
• इंडस क्रीड (१९९५)
• इव्हॉल्व्ह (२०१२)