लोकलफंडाचा आणा

ठाण्याच्या उत्तरेस जुना आग्रा रस्ता आणि घोडबंदरचा रस्ता जेथें एकमेकांस मिळतात, त्या नाक्यावर माजिवडा आहे. आज तेथील उड्डाणपुलाखालीं उभ्या राहणाऱ्या मनुष्यास, येथें एके काळीं खेडें होतें असें सांगितलें तर खरें वाटणार नाहीं. परंतु 1 ऑक्टोबर 1982 रोजीं ठाणें महानगरपालिका स्थापन होऊन भोवतालचीं गांवें तींत सामील झालीं, तोंपर्यंत हा गांव शहराच्या हद्दीबाहेर होता. हद्द म्हणजे कागदावरची एक रेघ. तथापि शाळेच्या बाबतींत त्या रेघेला मोठा अर्थ होता. कारण अलीकडील मुलाच्या शिक्षणाचा खर्च एका थैलींतून होई आणि पलीकडील मुलाचा दुसरींतून. या थैल्या कोणीं भरल्या व त्यांची दोरी कोणाच्या हातीं राहिली, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘अनुदान’ हा शब्दच आम्हांस किंचित् फसवा वाटतो. त्यांतील ‘दान’ ऐकलें कीं देणारा उदार व घेणारा याचक, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. वस्तुस्थिति निराळी आहे. 19 जुलै 1854 च्या सर चार्लस वुड यांच्या प्रसिद्ध खलित्यानें खाजगी शाळांना सरकारी मदत देण्याचें तत्त्व हिंदुस्थानांत आणलें, तेव्हां त्यांत उदारपणापेक्षां हिशेबच अधिक होता. सर्वत्र सरकारी शाळा काढणें झेपणारें नव्हतें. लोकांनीं काढलेल्या शाळेला थोडा हात दिला तर तेंच काम स्वस्तांत होईल, अशी ती अटकळ होती. शाळेची व्यवस्था चांगली असावी, तिनें सरकारी तपासणी मान्य करावी आणि मुलांकडून थोडी तरी फी घ्यावी, या अटी मदतीबरोबरच आल्या. ज्याच्या घरीं पाटीपेन्सिलीचीच पंचाईत, त्याच्यापुढें ही शेवटची अट काय म्हणून उभी राहिली असेल, हें सांगावयास नकोच.

खेड्यांतील शाळांचा भार मात्र दुसऱ्याच थैलीवर पडला. 1863 पासून मुंबई इलाख्यांत जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंड म्हणून घेऊं लागले. 1869 च्या कायद्यानें त्यास कायमचें रूप आलें. या आण्याचे दोन हिस्से रस्ते वगैरे कामांकडे जात व एक हिस्सा शाळांकडे. म्हणजे रुपयामागें चार पै. खाडीकांठीं भात पिकविणारा जो कुळंबी वीस रुपये सारा भरी, त्याच्याकडून शिक्षणाकरितां सहा आणे आठ पै जात. मग त्याचा मुलगा शाळेंत असो वा गुरांमागें असो. गांवच्या शाळेवर ‘सरकारी’ म्हणून पाटी लागली तरी तिच्या खर्चाचा मोठा वांटा या कुळंब्याचाच होता, आणि त्याला तें कोणीं समजावून सांगितलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

हें ज्यांनीं उघडपणें बोलून दाखविलें त्यांत जोतीराव फुले हे अग्रगण्य होत. 1882 सालीं हंटर कमिशनपुढें सादर केलेल्या निवेदनांत त्यांनीं रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचें शिक्षण चालतें, ही तक्रार तर मांडलीच. पण तक्रारीवर न थांबतां हिशेबहि मांडला. लोकलफंडाचा तिसरा नव्हे, निम्मा हिस्सा केवळ प्राथमिक शिक्षणास द्यावा. शिकविण्याची परीक्षा दिलेल्या शिक्षकांच्या देशी शाळांना सढळ मदत करावी. प्रांतिक वा मध्यवर्ती खजिन्यांतून पुरेशी भर घालावी. आणि नगरपालिकांना आपापल्या हद्दींतील प्राथमिक शाळा चालविण्यास कायद्यानें भाग पाडावें. शेवटच्या मागणींतील मर्म ठाण्याकल्याणच्या वाचकांच्या सहज ध्यानीं येईल. ठाण्यास 1863 पासून नगरपालिका होती, कल्याणास त्याहीपूर्वीं. शहरानें आपल्या मुलांचा भार स्वतः उचलला नाहीं तर तो हद्दीबाहेरील शेतकऱ्याच्या आण्यावर पडणार, हें उघड आहे. 1884 च्या कायद्यांनीं नगरपालिका व लोकलबोर्डें यांचे शाळाखर्च पुष्कळसे वेगळे झाले. निम्म्या हिश्शाची मागणी मात्र तशीच राहिली.

खाजगी शाळांच्या वांट्यास त्या काळीं जी पद्धति आली ती तर विलक्षणच होती. निकाल पाहून पैसे! डिपुटी यावयाचे, मुलांची परीक्षा घ्यावयाची, आणि जितकीं मुलें ज्या विषयांत उतरतील तितकी रक्कम शाळेस मिळावयाची. परीक्षेच्या दिवशीं एखाद्या मुलास ताप आला तर तें संकट आईबापांइतकेंच मास्तरांवरहि येई. मंद मुलगा म्हणजे बुडीत खातें. सबब त्याच्याकडे दुर्लक्ष करणें शहाणपणाचें ठरे. हिंदुस्थान सरकारच्या 1904 च्या ठरावानें या पद्धतीस निरोप दिला, ही लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींतील आम्हांस मनापासून पटणारी थोडक्या गोष्टींपैकीं एक होय.

पुढें गोखल्यांचें सक्तीच्या शिक्षणाचें बिल 1912 सालीं फेटाळलें गेलें. विठ्ठलभाई पटेल यांच्या 1918 च्या कायद्यानें नगरपालिकांना सक्तीची मुभा मिळाली. आणि 1923 च्या कायद्यानें सक्तीच्या योजनेच्या वाढत्या खर्चापैकीं नगरपालिकेला निम्मा व लोकलबोर्डाला दोनतृतीयांश वांटा सरकारनें देण्याचें कबूल केलें. पहा, हद्दीची रेघ पुन्हा आली! या वेळीं ती खेड्याच्या बाजूची होती. परंतु कबुली देणें निराळें व खजिन्यांत पैसा असणें निराळें. हात आंखडते होतांच पुष्कळ योजना मंजुरीवांचून पडून राहिल्या.

अनुदानाची दोरी ओढतां येते, हेंहि आम्हीं पाहिलें. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचें अनुदान 1948 सालीं मुंबई सरकारनें बंद केलें. म्हणजे स्वराज्य आल्यावर. तें पुढें पुन्हा सुरू झालें, परंतु मधल्या काळांत ज्यांचे पगार अडले त्यांच्या घरीं धोरणाची चर्चा झाली नसेल, वाण्याच्या उधारीची झाली असेल.

1962 सालीं जिल्हा परिषदा आल्या, वीस वर्षांनीं माजिवडा महानगरपालिकेंत आला, आणि 1 एप्रिल 2010 पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचें शिक्षण हा कायद्यानें हक्क झाला. या कायद्यान्वयें खाजगी शाळांनीं पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांस द्यावयाच्या व सरकारनें खर्चाची भरपाई करावयाची. भरपाई थकते, ही शाळांची ओरड लवकरच सुरू झाली. फेब्रुवारी 2024 मध्यें महाराष्ट्र सरकारनें नियम बदलला. एका किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेस त्या जागांतून सूट दिली. नवी रेघ ती हीच. मुंबई उच्च न्यायालयानें 19 जुलै 2024 रोजीं ती पुसली. तोंपर्यंत त्या वर्षींच्या प्रवेशांचें काम अडून राहिलें होतें, आणि शाळा तर जूनमध्येंच भरल्या होत्या.