घरात लॅपटॉप असताना टॅब घ्यायचा का? पैसे मोजण्याआधी हे बघा

बीड : दहावीचा निकाल लागला की जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत एक विषय निघतोच. पोरगी सायन्सला जाणार, मग तिला टॅब घेऊन द्यायचा का? घरात मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप असतो, पण तो चालू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. दुकानदार सांगतो, "टॅबवर सगळं होतं." सगळं होत नाही. जे होतं ते आपल्या कामाचं आहे का, एवढाच खरा प्रश्न आहे. दहा-पंधरा हजार रुपये ही ऊसतोड करणाऱ्या किंवा कोरडवाहू कापसावर असलेल्या घरासाठी लहान रक्कम नाही.

विकत घेण्याआधी फुकट मिळतो का ते बघा

जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांच्या हातात टॅब आला तो बऱ्याचदा दुकानातून नव्हे, योजनेतून. नागपूरची महाज्योती, म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, ही इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण देते. त्यासाठी निवड झालेल्यांना मोफत टॅब आणि रोज ६ जीबी डेटा, असं या योजनेचं स्वरूप राहिलं आहे. अर्ज दहावीनंतर, अकरावी सायन्सला प्रवेश घेणाऱ्यांनी करायचा असतो. नॉन-क्रीमिलेअर, जातीचा दाखला, रहिवासी दाखला लागतो. गुणांची अट आणि शेवटची तारीख त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावी, गेल्या वर्षीच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर विसंबू नये. नॉन-क्रीमिलेअर काढायला तहसीलमध्ये गर्दी होते ती जून-जुलैत, त्यामुळे निकालाची वाट न पाहता कागदपत्रं आधीच तयार ठेवलेली बरी.

म्हणजे मुलगी या योजनेत बसत असेल तर मे महिन्यात घाईने टॅब घेण्यात अर्थ नाही. घरचे पैसे लॅपटॉप नीट करण्यात घालावेत. मात्र योजनेतून मिळालेल्या टॅबवर ठरावीक ॲपच चालतील अशी मर्यादा असू शकते. तो हातात घेतानाच याबद्दल विचारून घ्यावं.

अभ्यास टॅबवर, सराव माऊसवर

लेक्चर बघणं, पीडीएफ वाचणं, जुन्या प्रश्नपत्रिका चाळणं याला टॅब लॅपटॉपपेक्षा सरस आहे, यात वाद नाही. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मोफत मिळतात. दहा-अकरा इंची पडद्यावर पुस्तकाचं पान न ताणता वाचता येतं. मोबाइलवर तेच पान सरकवून सरकवून डोळे दुखतात. टॅब उभा धरता येतो, अंगणात बसून वाचता येतो.

पण एक गोष्ट क्लासवाले क्वचितच सांगतात. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या परीक्षा संगणकावर होतात. समोर पडदा, हातात माऊस, कच्च्या कामाला कागद. दोन वर्षं फक्त बोटाने टॅबवर टेस्ट दिलेलं पोर केंद्रावर पहिल्यांदा माऊस धरतं, तेव्हा पुढचा प्रश्न, मागचा प्रश्न, उत्तर बदलणं यातच मिनिटं जातात. सीईटीच्या पीसीएम गटात तीन तासांत १५० प्रश्न असतात, तिथे ती मिनिटं महाग पडतात. एनटीएच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा मोफत आहेत. त्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत तरी लॅपटॉपवरच द्याव्यात, मग तो लॅपटॉप कितीही जुना असो. नीट मात्र आजवर कागदावर, ओएमआर शीटवर होत आली आहे. तिथे माऊसचा प्रश्न नाही, गोल काळे करण्याच्या सरावाचा आहे, आणि तो टॅबवरही होत नाही अन् लॅपटॉपवरही.

स्पर्धा परीक्षांचंही तसंच. २०२३ ची तलाठी भरती संगणकावरच झाली. शासकीय संगणक टंकलेखन परीक्षा देणाऱ्याला तर खरा कीबोर्ड हवाच. टॅबला ब्लूटूथ कीबोर्ड जोडता येतो, पण परीक्षेचं सॉफ्टवेअर संगणकावरचं असतं. टंकलेखनासाठी टॅब घेणं म्हणजे शुद्ध पैसे वाया घालवणं.

टॅबवर अडणारी कामं

घरात कोणी सेवा केंद्र चालवत असेल, ग्रामपंचायतीत असेल किंवा दुकानाचा हिशेब ठेवत असेल, तर लॅपटॉपला पर्याय नाही. ग्रामपंचायतीचं पेमेंट ई-ग्रामस्वराजवर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल सहीने होतं. ही सही पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते आणि त्याचं सॉफ्टवेअर संगणकासाठी बनलेलं असतं. टॅली विंडोजवर चालतं. जीएसटीची ऑफलाइन साधनंही तशीच. मोठी एक्सेल शीट टॅबवर उघडते, पण त्यात दोनशे ओळी भरायच्या म्हटलं की माणूस वैतागतो.

प्रवेशाच्या अर्जांचं काम टॅबवर अर्धवट होतं. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे. अर्ज भरता येतो, कागदाचा फोटोही काढता येतो. अडतं ते फाइल ठरलेल्या केबीत बसवताना आणि चार खिडक्या शेजारी उघडून पसंतीक्रम लावताना. त्यासाठी लॅपटॉप घरात असला तर नेट कॅफेच्या फेऱ्या वाचतात.

ई-पीक पाहणीसाठी टॅब घ्यावा का, असंही काही शेतकरी विचारतात. गरज नाही. ते ॲप मोबाइलसाठीच आहे. शिवाय फक्त वाय-फायवर चालणाऱ्या काही टॅबमध्ये जीपीएस नसतं, त्यामुळे गटाच्या हद्दीत उभं राहूनही जागा नीट लागत नाही. सिम नसलेल्या टॅबवर ओटीपीही येत नाही, त्यासाठी मोबाइल शेजारी ठेवावाच लागतो.

वीज, नेटवर्क आणि ऊसतोडीचा हंगाम

शहरात बसून लिहिलेल्या सल्ल्यात न येणारी बाब इथे सगळ्यात मोठी आहे. परळीत वीज तयार होते, पण शेतवस्तीवर राहणाऱ्याला ती कधी मिळेल याचा नेम नसतो. लॅपटॉपचा चार्जर साधारण ४५ ते ६५ वॅटचा, टॅबचा १० ते २० वॅटचा. साध्या २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर टॅब एकदा पूर्ण भरून वर अर्धा भरतो. लॅपटॉप बहुतेक साध्या पॉवर बँकेवर चार्जच होत नाही. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बसलेली असेल तर लाइट गेली की अभ्यास बंद. अशा घरात टॅबची बाजू एकदम भक्कम होते.

पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज भागातून दिवाळीच्या मागे-पुढे टोळ्या निघतात त्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर, परततात मार्च-एप्रिलला. मुलं आजी-आजोबांपाशी राहतात किंवा सोबत कोपीवर जातात. कोपीवर लॅपटॉप नेण्याचा प्रश्नच नाही: धूळ, पाचट, विजेचा पत्ता नाही. टॅब मात्र जाऊ शकतो. निघण्याआधी गावातच वाय-फायवर पुस्तकं आणि लेक्चर डाउनलोड करून घ्यावीत, सोबत लहान सोलर पॅनेल किंवा पॉवर बँक द्यावी. ट्रॅक्टरच्या प्रवासासाठी जाड रबरी कव्हर आणि काच हवीच. ४८० पिक्सलवर एक तासाचा व्हिडिओ अर्धा ते पाऊण जीबी खातो, म्हणून फडावर नेटवर्कच्या भरवशावर राहू नये. मुलगी गावात आजीपाशी राहणार असेल तर टॅबवर पालक नियंत्रण लावून जावं. आजीला रील आणि लेक्चर यातला फरक कळेलच असं नाही.

यात कुणी उचलीतून टॅब घेत असेल, तर आधी जुना लॅपटॉप एकदा दुकानात दाखवावा. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की पाच मिनिटांचं चालू होणं अर्ध्या मिनिटावर येतं. काही हजारांचं काम, टॅबच्या किमतीपेक्षा बरंच स्वस्त. कित्येकदा लोकांना टॅब नको असतो, चालणारा लॅपटॉप हवा असतो, पण दुकानात गेल्यावर काचेतला टॅब दिसतो. फक्त विंडोज १० चं काय ते विचारून घ्यावं. मायक्रोसॉफ्टने त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नसेल तर लिनक्स मिंट टाकता येतं, अभ्यासाला ते पुरतं.

घ्यायचाच ठरला तर

फार स्वस्ताच्या मागे लागू नये. २०११ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब आणला, त्याचा मोठा गाजावाजा झाला. पण हळू प्रोसेसर आणि जोर लावून दाबावा लागणारा पडदा यामुळे तो टिकला नाही. आजही पाच-सहा हजारांच्या अनोळखी टॅबची गत फार वेगळी नाही. रॅम किमान ४ जीबी, साठवण ६४ जीबी आणि मेमरी कार्डची सोय, पडदा दहा इंचांच्या पुढे. घरात वाय-फाय नसेल तर सिमवालाच घ्यावा. अँड्रॉइडचे अपडेट किती वर्षं मिळणार हे पक्कं विचारावं, कारण अपडेट थांबले की काही वर्षांत बँकेची ॲप चालणं बंद करतात. सर्व्हिस सेंटर बीड, अंबाजोगाईला आहे की थेट छत्रपती संभाजीनगरला जावं लागणार, हेही बिल करण्याआधीच.

पेन असलेला महाग टॅब शिक्षकाला उपयोगी. प्रोजेक्टरला जोडून त्यावर गणितं सोडवून दाखवता येतात. विद्यार्थ्याला मात्र वही-पेनच बरी, परीक्षेत कच्चं काम कागदावरच करायचं आहे.

दोन्ही यंत्रं घरात असतील तर एक सोय बहुतेकांना माहीत नसते. स्पेसडेस्कसारखं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर आणि टॅबवर टाकलं की टॅब हा लॅपटॉपचा दुसरा पडदा होतो. एकावर कॉलेजांची यादी, दुसऱ्यावर पसंतीक्रमाचा अर्ज. दोन्ही एकाच राउटरला किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेले असले की झालं, त्यासाठी नेटपॅक संपत नाही.