बुल बार
डोंगराळ, जंगली किंवा पक्के रस्ते नसलेल्या प्रदेशांत चालणाऱ्या मोटारगाडीच्या पुढील भागाचे जनावरे, झुडपे व दगडधोंडे यांच्यापासून रक्षण करण्यासाठी बसविण्यात येणारी नळ्यांची वा पट्ट्यांची मजबूत चौकट. भारतात तिला बंपर गार्ड किंवा क्रॅश गार्ड असेही म्हणतात. मोटारगाडीच्या पुढील भागात रेडिएटर, पंखा व दिवे असतात. यांपैकी रेडिएटर विशेष नाजूक असतो. त्याच्या पातळ नळ्या फुटल्यास पाणी वाहून जाते, एंजिन अतिशय तापते व गाडी जागीच थांबते. शहरात ही केवळ गैरसोय ठरते. परंतु वस्ती व पाणी शेकडो किमी. दूर असलेल्या प्रदेशात हा जीवनमरणाचा प्रश्न होऊ शकतो. बुल बारचा उगम या गरजेत आहे.

इतिहास : वाहनाच्या अग्रभागी रक्षक बसविण्याची कल्पना मोटारगाडीहून जुनी आहे. अमेरिकेत लोहमार्गांना बहुधा कुंपण नसल्यामुळे गुरे रुळांवर येत व गाडी घसरण्याची भीती असे. त्यामुळे १८३० नंतरच्या दशकात तेथील एंजिनांच्या पुढे उतरत्या आकाराचे रक्षक बसविण्यास प्रारंभ झाला. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज या गणितज्ञानेही अशी सूचना केल्याचे आपल्या १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. रुळावरील अडथळा बाजूला लोटणे हे या साधनाचे कार्य होते.

मोटारगाडीच्या बाबतीत या प्रश्नाला दुसऱ्या महायुद्धात वेगळे वळण मिळाले. १९४१–४५ या काळात विलीज-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सु. ६,४०,००० जीप गाड्या तयार केल्या. जीपमध्ये संरक्षणाचा विचार मूळ आकारातच केलेला होता. पुढच्या चाकांपुढे येणारा भाग आखूड ठेवल्याने सु. ४५° चा चढ तिचा बंपर जमिनीला न टेकता गाठता येई. तिचे दिवे बाहेर न काढता जाळीच्या आत बसविलेले होते आणि बंपर म्हणजे एक साधी पोलादी पन्हळ होती. इटली व वायव्य युरोप येथील लढायांत रस्त्यावर आडव्या ताणलेल्या तारांचा धोका निर्माण झाला. काच खाली पाडून जाणाऱ्या सैनिकांच्या मानेला अशी तार लागे. यावर उपाय म्हणून बंपरवर एक उभा पोलादी दांडा जोडण्यात येऊ लागला. त्याच्या वरच्या टोकाच्या खाचेत तार अडकून तुटे. हा रक्षक यंत्रासाठी नव्हता, तर आत बसलेल्यांसाठी होता.

युद्धानंतर जीप व तत्सम गाड्या शेती, वन व सर्वेक्षण या कामांसाठी जगभर पसरल्या. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईतील माझगाव येथे महिंद्र अँड महिंद्र कंपनीने जीपची जुळणी सुरू केली. अग्ररक्षक चौकटीचा खरा विकास मात्र ऑस्ट्रेलियात झाला. तेथील अंतर्भागात कांगारू व मोकळी सोडलेली गुरे संध्याकाळी व रात्री रस्त्यांवर येतात. कांगारूंवरून या चौकटीस तेथे ‘रू बार’ असेही नाव पडले. अनेक जोडगाड्या ओढणाऱ्या मोठ्या मालमोटारींवरही अशा चौकटी आढळतात.

रचना : ही चौकट बंपरला न जोडता गाडीच्या सांगाड्याला बोल्टांनी जोडतात. ती पोलाद, ॲल्युमिनियमाची मिश्रधातू किंवा प्लॅस्टिक यांची असते. पोलादी चौकट बळकट व दुरुस्तीस सोपी असते. परंतु तिच्या वजनामुळे पुढच्या आसावर भार वाढतो. ॲल्युमिनियमाची चौकट हलकी असते. प्लॅस्टिकची चौकट धडकेनंतर बऱ्याच अंशी मूळ आकार घेते. चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढण्याचे विंचही पुष्कळदा चौकटीतच बसवितात. गाडीच्या खालच्या बाजूस लावलेला जाड तळपत्रा दगडांपासून एंजिनाच्या तेलपात्राचे रक्षण करतो.

दुष्परिणाम : गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते व धडकेच्या वेळी ती कोठेतरी शोषली जावी लागते. आधुनिक गाडीचा पुढील भाग या हेतूने चेपणारा केलेला असतो. ताठर चौकटीमुळे चेपण्याची क्रिया बदलते, धक्का सरळ सांगाड्यात जातो आणि एअरबॅग योग्य क्षणी फुगण्यात बाधा येऊ शकते. पादचाऱ्याला होणारी इजा याहून गंभीर असते. रुंद पत्र्याऐवजी अरुंद नळीवर आघात एकवटतो आणि ही नळी प्रौढाच्या कंबरेच्या व लहान मुलाच्या डोक्याच्या उंचीवर येते. यंत्राचे रक्षण करणारे साधन अशा प्रकारे रस्त्यावरील माणसाला अपायकारक ठरते. निर्जन प्रदेशात हा दोष फारसा जाणवत नाही. शहरात शोभेसाठी वापर वाढला, तेव्हा तो उघड झाला.

नियमन : ऑस्ट्रेलियात अशा चौकटींसाठी २००२ मध्ये मानक प्रसिद्ध झाले. यूरोपीय संघाने २००५ च्या निदेशानुसार पाय व लहान मुलाचे डोके यांच्या प्रतिकृतींवर आघात करून चौकटींची चाचणी घेणे बंधनकारक केले. भारतात डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने अशा चौकटी अनधिकृतपणे बसविणे हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे उल्लंघन असल्याचे राज्यांना कळवून कारवाई करण्यास सांगितले. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांतील मृतांपैकी निम्म्याहून अधिक दुचाकीस्वार व पादचारी होते, हे लक्षात घेता या निर्देशाचे महत्त्व स्पष्ट होते. खडतर प्रदेशात आवश्यक असलेले हे साधन गजबजलेल्या रस्त्यावर धोकादायक ठरते. त्यामुळे त्याची उपयुक्तता त्याच्या मजबुतीइतकीच ते कोठे वापरले जाते यावरही अवलंबून असते.