राणीछाप रुपया आणि बेताच्या मिळकतीचा संग्राहक

नाण्यांचा संग्रह म्हटला कीं सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें राजेरजवाड्यांचीं दालनें, सोन्याच्या मोहरा आणि लिलावांत पुकारल्या जाणाऱ्या मोठमोठ्या रकमा उभ्या राहतात. गिरगांवांत किंवा दादरला दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत राहणाऱ्या आणि ठराविक पगारांत मुलांचें शिक्षण व सणवार भागविणाऱ्या गृहस्थानें या नादास लागूं नये, असा समज रूढ आहे. आमचें मत याच्या उलट आहे. इतिहासाच्या दृष्टीनें ज्या संग्रहाची आज खरी निकड आहे, तो बेताच्या मिळकतीच्या मनुष्याच्याच हातून होण्यासारखा आहे, असें आम्हांस वाटतें. हें कसें, तें समजण्यासाठीं मुंबईच्या चांदीच्या रुपयाचें चरित्र प्रथम पाहिलें पाहिजे.

मुंबई बेट १६६८ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यांत आलें आणि चारच वर्षांनीं, जेरल्ड आँजियर याच्या अमदानींत, येथें नाणीं पाडण्यास आरंभ झाला. परंतु इंग्रजी धाटणीचा तो रुपया बेटाबाहेर फारसा चालला नाहीं. सामान्य व्यापाऱ्याचा विश्वास दिल्लीपतीच्या शिक्क्यावर होता. १७१७ सालीं बादशहा फर्रुखसियर याच्याकडून कंपनीनें परवानगी मिळविली, तेव्हां कोठें मुंबईच्या टांकसाळींतून बादशाही नांवाचे रुपये राजरोस बाहेर पडूं लागले. त्यांवर फारशी लिपींत 'मुंबई' हें टांकसाळीचें नांव असे. इकडे देशावर चांदवडी, अंकुशी असे पेशवाईंतील रुपये चालत. प्रत्येकाचा कस निराळा, वजन निराळें, आणि एक देऊन दुसरा घेतांना सराफाचा बट्टा ठरलेला. रुपया हातीं आला तरी तो किती आण्यांचा, हें सराफानें सांगितल्यावांचून कळत नसे.

हा गोंधळ १८३५ च्या कायद्यानें मिटविला. कंपनीच्या सर्व मुलुखांत एकच रुपया चालावा, त्याचें वजन १८० ग्रेन असावें आणि त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध चांदी असावी, असें ठरलें. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापानें ११.६६ ग्रॅम. यामुळें रुपया हें जसें चलन झालें, तसेंच तें वजनही झालें. 'रुपयाभार' हा शब्द वैद्याच्या पुडींत आणि सोनाराच्या तराजूंत एकदमच शिरला, तो याच कारणानें. या रुपयांचा मोठा भाग ज्या इमारतींत घडला, ती टांकसाळ टाउन हॉलशेजारीं कॅप्टन हॉकिन्स या इंजिनिअरानें १८२४ ते १८२९ या काळांत उभारली. तिचीं वाफेचीं यंत्रें विलायतेहून आणविलीं होतीं. १८९३ पर्यंत कोणीही आपली चांदी तेथें नेऊन, ठरलेली आकारणी भरून, रुपये पाडून घेऊं शकत असे. त्या सालीं ही मुभा बंद झाली आणि रुपयाची किंमत त्यांतील चांदीवर नव्हे, तर सरकारच्या शब्दावर अवलंबून राहिली. सामान्य जनांस मात्र हा फरक जाणवला नाहीं. त्यांच्या लेखीं बंदा रुपया म्हणजे चांदीच होती.

या रुपयांविषयीं एक चमत्कारिक गोष्ट नवख्या संग्राहकानें आरंभींच ध्यानांत ठेवावी. त्यांवर छापलेलें साल नेहमींच घडणीचें साल नसतें. चौथ्या विल्यमचा रुपया १८३५ हेंच साल घेऊन १८४० पर्यंत निघत राहिला. त्यानंतरच्या राणीच्या रुपयांवर १८६२ पर्यंत १८४० हेंच साल राहिलें. आणि १८६२ चा रुपया तर पुढें बारा वर्षें त्याच सालानें पाडला गेला. मुंबईच्या टांकसाळीनें या शेवटच्या रुपयांवर बारीक ठिपक्यांच्या खुणा केल्या आहेत. त्या मोजून अभ्यासक घडणीचें वर्ष ठरवितात. एकाच सालाचे, एकाच किमतीचे दहा रुपये समोर मांडून त्यांतून बारा वर्षांचा क्रम लावीत बसणें, या करमणुकीस भिंगाखेरीज कांहीं लागत नाहीं. १८७६ पर्यंत राणी 'क्वीन' आहे, १८७७ पासून ती 'एम्प्रेस' होते. एका शब्दाच्या बदलांत केवढें राजकारण सांठविलेलें आहे!

पुढें महायुद्धांनीं या रुपयाचा कस पाहिला. पहिल्या युद्धांत चांदी महाग झाली, तेव्हां १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट निघाली आणि पुढच्याच वर्षीं दोन आण्यांचें नाणें चांदीचें राहिलें नाहीं. तरीही रुपयांची मागणी पुरेना, म्हणून १९१८ च्या पिटमन कायद्यानें अमेरिकेनें आपले कोट्यवधि चांदीचे डॉलर आटविले आणि ती चांदी हिंदुस्थानाकरितां विकली. लालबाग-परळच्या गिरणी कामगाराच्या पगारांत त्या काळीं आलेल्या एखाद्या रुपयांत अमेरिकन डॉलरची चांदी असणें अगदीं शक्य आहे. दुसऱ्या युद्धांत मात्र तडजोड करावी लागली. १९४० पासून रुपयांत निम्मीच चांदी राहिली, जुने रुपये चलनांतून क्रमाक्रमानें काढून घेण्यांत आले, आणि १९४७ सालीं निकेलचा रुपया आला.

हा केवळ आमच्याच देशाचा अनुभव नव्हे. कानडांत १९२० सालीं नाण्यांतील चांदी हजारीं ९२५ वरून ८०० वर आली, १९६७ सालीं ती कांहीं नाण्यांत ५०० झाली, आणि १९६८ सालीं निकेलनें तिची जागा घेतली. तेथील पंचवीस सेंटांचें नाणें आणि आमची अधेली यांचें वजन जवळजवळ एकच, ५.८३ ग्रॅम. तेथील बेताचा संग्राहकही हीं लहान झिजकीं नाणीं चांदीच्या भावाच्या आसपास घेऊन वर्षावार रांग लावीत असतो. दुर्मिळाच्या मागें न धांवतां सामान्यांतून क्रम साधणें ही त्याची रीत आपणांसही घेण्यासारखी आहे.

आतां व्यवहाराचें बोलूं. पूर्ण कसाच्या रुपयांत सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते; १९४० नंतरच्या रुपयांत ५.८३. हे दोन आंकडे पाठ असले म्हणजे झवेरी बाजारांत कीं चोरबाजारांत, कोठेंही फसगत होण्याचें भय निम्में कमी होतें. चांदीच्या भावाहून थोडें अधिक देऊन सामान्य सालाचा रुपया मिळत असेल तर घ्यावा. दुर्मिळ सालाच्या नांवानें कोणी अनेकपट मागूं लागला तर नम्रपणें उठावें. १९३९ सालच्या रुपयासारखीं नाणीं दुर्मिळ आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या नकला पुष्कळ आहेत. वजन कांट्यावर घ्यावें, कडेचे दांते सारखे आहेत कीं नाहींत हें पाहावें, लोहचुंबक लावून पाहावा. ज्यास रुपयाही जड वाटतो, त्यानें दुअन्न्या व पावल्या जमवाव्या; इतिहास त्यांतही तोच आहे. आणि घरांतील मंडळींस एक विनंति: दिवाळीच्या साफसफाईंत चिंच आणि रांगोळी यांच्या तडाख्यांत हीं नाणीं सांपडूं देऊं नयेत. घांसलेलें नाणें चकचकीत दिसतें, पण त्याचें अंग कायमचें गेलेलें असतें.

सगळ्यांत स्वस्त आणि आमच्या दृष्टीनें सगळ्यांत मोलाचा रुपया निराळाच आहे. ज्यास कडी डाखलेली आहे, जो माळेंत ओंवण्यासाठीं भोंकसलेला आहे, ज्यावरील राणीचा चेहरा बोटांनीं पुसून गेला आहे, असा रुपया विक्रेते टाकाऊ म्हणून बाजूस सारतात. श्रीमंत संग्राहक त्याकडे ढुंकून पाहत नाहीं. परंतु त्यानेंच सांगावी अशी कहाणी त्याच्याजवळ आहे. कोंकणांतून आणि घाटावरून गिरणींत आलेल्या मनुष्याची शिल्लक बँकेंत नव्हती; ती बायकोच्या गळ्यांत किंवा गांवच्या घरीं गाडग्यांत होती. लक्ष्मीपूजनास ताम्हनांत मांडलेला, बाळाच्या हातावर ठेवलेला, आजीनें कनवटीस लावलेला रुपया हाच त्या घराचा दस्तऐवज. असल्या घरांच्या बखरी कोणीं लिहिल्या नाहींत.

आणि हाच दस्तऐवज मुशींत जात आहे. चांदीचा भाव चढला कीं जुनीं नाणीं मोडीस निघतात, हा जगाचा अनुभव आहे. १९८० च्या जानेवारींत चांदी औंसास ५० डॉलरांच्या घरांत गेली, तेव्हां अमेरिकेंत व कानडांत नाण्यांच्या राशी आटविल्या गेल्या. आमच्याकडे भावाच्या जोडीला अडचणही असते. १९८२ च्या गिरणी संपांत परळ-लालबागच्या चाळींतील किती किडूकमिडूक सराफाच्या तराजूंत गेलें, याची मोजदाद कोणीं ठेविली नाहीं. अडल्या माणसानें रुपया मोडला, त्यास दोष देण्याचा अधिकार कोणासच नाहीं. परंतु ज्याची अडचण नाहीं, त्यानें निदान तो मोडीच्या भावानें विकत घेऊन वांचविण्यास काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, लाखोंनीं निघालेल्या रुपयांत वांचविण्यासारखें काय आहे? याचें उत्तर नाशिकजवळील जोगळटेंभी येथें आहे. १९०६ सालीं तेथें तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं एका ठेव्यांत सांपडलीं. तीं क्षत्रप नहपानाचीं होतीं, आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला शिक्का पुन्हां मारलेला होता. जेत्यानें जिताचें नाणें आटविलें नाहीं; त्यावरच आपली मुद्रा उमटविली. त्यामुळें एका राज्याचा अस्त व दुसऱ्याचा उदय एकाच तुकड्यावर वाचतां आला. तीं नाणींही आपल्या काळीं सामान्यच होतीं; सामान्य होतीं म्हणूनच हजारोंनीं उरलीं, आणि हजारोंनीं उरलीं म्हणूनच त्यांची साक्ष निर्णायक ठरली. तीं ज्यास सांपडलीं त्यानें रातोरात आटविलीं असतीं, तर आपल्या इतिहासाचें एक पान कोरेंच राहतें.

उत्तम आणि दुर्मिळ नाण्यांची काळजी वाहण्यास संग्रहालयें समर्थ आहेत. रिझर्व्ह बँकेनें २००४ सालीं फोर्टांत चलनाचें संग्रहालय उघडलें, आणि म्युझियमच्या नाण्यांची कीर्ति तर जुनीच आहे. झिजलेल्या, कडी लावलेल्या, घरगुती रुपयाची काळजी मात्र घरानेंच घेतली पाहिजे. वर्षाकांठीं एक रुपया जमविला तरी पुरे. पण त्याबरोबर कागदाच्या पाकिटावर तो कोणाच्या घरचा, कोणत्या गांवचा, कोणत्या प्रसंगाचा, एवढें लिहून ठेवावें. चांदीचा भाव रोज बदलेल. त्या दोन ओळी मात्र आज लिहिल्या नाहींत, तर उद्यां त्या सांगणारें माणूस राहणार नाहीं.